विमानाचे वेळापत्रक आणि आपल्या गावाचा कोरा रकाना

शेतीचा धंदा हा वेळेचा धंदा आहे, हे शेतकरी बंधूंस नव्याने सांगावयास नको. वाफसा साधला तर पेरणी साधते; वाफसा हुकला तर उत्तम बियाणे व कसदार जमीन असूनही हंगाम हातचा जातो. परंतु वेळेविषयीची ही दक्षता आपण आपल्या बांधापर्यंतच बाळगतो. माल एकदा गाडीत चढला म्हणजे पुढील वेळ ही गाडीवाल्याची, आडत्याची किंवा कंपनीची, अशी समजूत करून घेऊन आपण निश्चिंत होतो. ही समजूत चुकीची आहे. तीमुळे होणारे नुकसान कंपनीचे नसून आपले असते. आणि थोडी शिस्त लावून घेतल्यास ते टाळता येण्यासारखे आहे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

विषय विमानाच्या वेळापत्रकाचा आहे. घाटंजीच्या कास्तकाराने विमानाच्या वेळापत्रकाची चिंता करावी, हे ऐकून कित्येक वाचकांस हसू येईल. आपल्या तालुक्याचा मुख्य माल कापूस, तूर व सोयाबीन. यांपैकी काहीही विमानाने जात नाही व जाऊही नये. कारण वजनाच्या मानाने त्याची किंमत विमानाचे भाडे सोसण्याइतकी नाही. यवतमाळनजीक भारी येथे धावपट्टी आहे, पण तेथून नेमलेल्या वेळी सुटणारे प्रवासी विमान नाही. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून 16 एप्रिल 2025 रोजी मुंबईचे विमान सुरू झाले ही आनंदाची गोष्ट होय; तथापि ते लहान जातीचे विमान असून त्याच्या पोटात मालास जागा थोडी. तेव्हा मालाच्या दृष्टीने आपले विमानतळ म्हणजे नागपूरचे सोनेगाव. घाटंजीहून पांढरकवड्यास निघून हमरस्त्याला लागावे, आणि वडकी, हिंगणघाट, जाम, बुटीबोरी अशी गावे मागे टाकीत सोनेगाव गाठावे, तर अंतर पावणेदोनशे किलोमीटरांच्या वर भरते.

असे असूनही काळ बदलत चालला आहे. एकट्या कापसावरील भिस्त सोडून ज्या तरुणांनी कर्ज काढून पॉलिहाऊस व शेडनेट उभारले, त्यांचा माल घरात भरून ठेवण्याजोगा नाही. कापसाचा भाव पडला तर कापूस घरात थांबतो. फूल थांबत नाही. ज्याचा माल थांबत नाही त्याला दुसऱ्याच्या घड्याळाकडे पाहिल्यावाचून गत्यंतर नाही.

माझ्या घरचीच हकीकत सांगतो. माझ्या पुतण्याने आपल्या पॉलिहाऊसात जरबेरा लावला आहे. जरबेऱ्याचे फूल कापीत नाहीत. देठ मुळाशी धरून, किंचित तिरपे ओढून उपटतात. मग देठ काही वेळ पाण्यात ठेवावयाचे, प्रत्येक फुलाला प्लॅस्टिकची पिशवी चढवावयाची, दहा-दहांची जुडी बांधावयाची आणि जुड्या खोक्यांत भरावयाच्या. हे सर्व काम सकाळच्या गारव्यात उरकावे लागते. सन 2025 च्या ऑक्टोबरअखेरीस दिल्लीच्या एका व्यापाऱ्याने त्याजकडे चार हजार फुले मागितली. नोव्हेंबरच्या आरंभी देवउठनी एकादशी होती, व तेव्हापासून तिकडे लग्नांचा धडाका सुरू होतो. त्यामुळे भाव चांगला ठरला होता. नागपूरच्या एका एजंट कंपनीमार्फत गुरुवार, 30 ऑक्टोबरच्या सायंकाळच्या विमानात जागा घेतली. एजंटाच्या संगणकावर विमान सुटण्याची वेळ रात्री 8 वाजून 40 मिनिटे अशी दाखविली होती. उन्हाळ्यापासून त्याच विमानाने दोन वेळा माल गेला होता, म्हणून कोणी अधिक विचारपूस केली नाही.

गाडी घाटंजीहून साडेबारा वाजता निघाली आणि पाचच्या सुमारास सोनेगावास पोहोचली. तेथे कळले की, विमान आता 6 वाजून 25 मिनिटांनी सुटते, आणि त्यात घालावयाचा माल 3 वाजून 55 मिनिटांनंतर स्वीकारीत नाहीत. पुतण्याने मला तेथूनच फोन केला. "काका, विमान तर समोरच उभे आहे, पण खोकी घेत नाहीत!" एवढेच तो बोलला. पुढे काय सांगावे हे मलाही सुचले नाही. ती फुले रात्रभर गाडीत राहिली आणि दुसऱ्या दिवशी नागपूरच्या बाजारात मिळेल त्या भावाने गेली. ठरलेल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी पैसे हाती आले. त्यातून गाडीभाडे वजा जाता बँकेच्या हप्त्यास काही उरले नाही. दिल्लीच्या व्यापाऱ्याने त्या मोसमात पुन्हा मागणी केली नाही, हे नुकसान वेगळेच.

आता चूक कोणाची? एजंट म्हणाला, "आमच्या सिस्टीममध्ये 8.40 च होते." जणू सिस्टीम ही आकाशातून पडलेली वस्तू, आणि तिच्यात लिहिलेले कोणी लिहिलेलेच नव्हे! माझे सारे आयुष्य तहसील कचेरीत नोंदी करण्यात गेले. शिक्षण मराठी शाळेतले. विमानविद्येशी माझा काडीचा संबंध नाही. परंतु नोंद ही कोणीतरी केल्याशिवाय होत नाही आणि चुकीची नोंद तिच्यावरील तारखांवरून पकडता येते, एवढे मी जाणतो. म्हणून आठवड्याभराने पुतण्यास बरोबर घेऊन मी त्या एजंटाच्या कचेरीत गेलो व वेळापत्रक संगणकात कसे भरतात ते दाखविण्याची विनंती केली. तेथील मुलाने ती मान्य केली, याबद्दल त्याचा आभारी आहे. तेथे जे पाहिले व पुढे चौकशीअंती जे समजले, ते सर्वांच्या उपयोगाचे असल्याने थोडे विस्ताराने देतो.

विमानांची वेळापत्रके वर्षातून दोनदा बदलतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी वेळापत्रक लागू होते व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. सन 2025 मध्ये हे दिवस 30 मार्च व 26 ऑक्टोबर असे होते. ही चाल जगभर एकच आहे. आपल्या देशात कंपन्यांच्या वेळापत्रकास नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मंजुरी लागते. आपला खरीप व रब्बी, तसे विमानांचे हे दोन हंगाम म्हणता येतील. ऑक्टोबरचा बदल नेमका दिवाळी व तुळशीच्या लग्नाच्या आगेमागे येतो, म्हणजे फुलांच्या मागणीचा मोसम उघडतो त्याच सुमारास. हा योगायोग फूलवाल्याने जन्मभर विसरू नये.

माल पोहोचविणाऱ्या कंपन्या हे वेळापत्रक वाहतूक-व्यवस्थापनाच्या संगणक-प्रणालीत नोंदवितात. त्या नोंदीचे रकाने साधारणतः येणेप्रमाणे असतात. प्रथम सुटण्याचे व पोहोचण्याचे ठिकाण. प्रत्येक विमानतळास तीन अक्षरांचे सांकेतिक नाव असून नागपूरचे एनएजी, मुंबईचे बीओएम व दिल्लीचे डीईएल असे आहे. नंतर विमान कंपनी व विमानाचा क्रमांक. नंतर वार, सोमवारास 1 धरून रविवारास 7, म्हणजे 1, 3, 5 असे लिहिले तर ते विमान सोमवार, बुधवार व शुक्रवार या दिवशीच आहे असे समजावयाचे. नंतर सुटण्याची व उतरण्याची वेळ, व विमान मध्यरात्रीनंतर उतरत असल्यास दिवस एकाने पुढे गेल्याची खूण. नंतर विमानाची जात, कारण तीवरून त्याच्या पोटात किती व केवढी खोकी मावतील हे ठरते. आणि या सर्वांबरोबर दोन तारखा: ही नोंद कोणत्या दिवसापासून व कोणत्या दिवसापर्यंत खरी.

वेळेच्या रकान्याविषयी एक सूचना येथेच देतो. परदेशी जाणाऱ्या मालाच्या बाबतीत वेळ कोणत्या गावची लिहिली आहे हे विचारून घ्यावे. कित्येक प्रणालींत वेळ जागतिक घड्याळाप्रमाणे साठवितात, व ते आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असते. हा घोटाळा आपल्याकडे अपरिचित नाही. सन 1906 पासून हिंदुस्थानासाठी एक प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईने आपली 39 मिनिटे मागे चालणारी निराळी वेळ पुढे कित्येक वर्षे सोडली नाही. एकाच देशात दोन घड्याळे म्हटल्यावर गाडी चुकणारा माणूस निघणारच.

परंतु मालवाल्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा रकाना याहून निराळा आहे. तो म्हणजे माल स्वीकारण्याच्या शेवटच्या वेळेचा. आपण तिला स्वीकार-मुदत म्हणू. विमान सुटण्याच्या काही तास आधी वजन, तपासणी व कागदपत्रे व्हावयाची असतात, म्हणून ही मुदत सुटण्याच्या वेळेच्या बरीच आधी संपते. ती सर्वत्र सारखी नसते. ठिकाणपरत्वे, कंपनीपरत्वे व मालाच्या जातीपरत्वे ती बदलते; कागदपत्रांची मुदत व मालाची मुदतही वेगवेगळी असू शकते. प्रवाशास सुटण्याची वेळ कामाची. मालवाल्यास स्वीकार-मुदत कामाची. ज्याने केवळ सुटण्याची वेळ विचारली त्याने अर्धेच विचारले. तशीच दुसऱ्या टोकास माल ताब्यात मिळण्याची वेळ असते. विमान उतरले म्हणजे माल तत्काळ व्यापाऱ्याच्या हाती पडतो असे नाही.

आता आमच्या प्रकरणात काय घडले ते पाहू. त्या उन्हाळी नोंदीच्या 'पर्यंत' या रकान्यात तारीख होती 31 डिसेंबर, सन 9999! मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. नोंद भरताना शेवटची तारीख ठाऊक नसेल किंवा शोधण्याचा कंटाळा असेल तर असे लिहून टाकतात, असे त्या मुलाने सांगितले. जुन्या सनदांत जमीन इनाम देताना यावच्चंद्रदिवाकरौ असे लिहीत. चंद्रसूर्य असेपर्यंत, असा त्याचा अर्थ. इनामाची गोष्ट वेगळी. सहा-सात महिन्यांच्या विमानास चंद्रसूर्याचा करार कशासाठी? त्या रकान्यात 25 ऑक्टोबर 2025 ही खरी तारीख असती, तर 30 तारखेचे विमान त्या नोंदीत सापडलेच नसते, जागा देताना संगणकाने नकार दिला असता आणि कोणीतरी चौकशी केली असती. खोट्या तारखेने ती चौकशी बंद केली. कोऱ्या रकान्याने माणूस अडखळतो व विचारतो; भरलेल्या खोट्या रकान्यावर विश्वासून पुढे जातो.

याहून दुसरी गोष्ट अधिक ध्यानात घेण्यासारखी आहे. सोमवार, 27 ऑक्टोबर रोजी त्या मुलाने नवी वेळ कळताच मूळ नोंद दुरुस्त केली होती! तरीही गुरुवारची आमची वेळ जुनीच राहिली. याचे कारण असे की, प्रणाली मूळ वेळापत्रकावरून पुढील काही आठवड्यांची तारीखवार विमाने आगाऊ तयार करून ठेवते, आणि माल नोंदविला जातो तो त्या तारखेच्या विमानावर. मूळ नोंद बदलली तरी आधी तयार झालेल्या तारखा प्रत्येक प्रणालीत आपोआप बदलतात असे नाही. पुष्कळदा त्यांस बदल लागू करण्याची निराळी आज्ञा द्यावी लागते. ती द्यावयाची राहिली होती. महसूल खात्यातील मंडळींस हे एका वाक्यात समजेल: फेरफार मंजूर झाला, पण सातबाऱ्यावर अंमल दिला गेला नाही.

हा रोग मला नवा नाही. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढविण्याचे काम मी डोळ्यांनी पाहिले आहे. कोठे क्षेत्राचा आकडा चुकला, कोठे खातेदाराचे नाव गळले, कोठे कमी केलेला बोजा तसाच राहिला. अशा लेखनदोषांच्या दुरुस्तीसाठी जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली अर्जांचे गठ्ठे आले. कागदावरील चूक गावातल्या चार जणांस ठाऊक असे, व तलाठी ती तोंडी सावरून नेई. संगणकावरील चूक मात्र छापील अक्षरांत, स्वच्छ व देखणी दिसते. म्हणून ती खरीच वाटते. संगणक खोटे बोलत नाही हे खरे. पण त्यात जे भरले असेल तेच तो बोलतो, हेही तितकेच खरे.

वेळापत्रक नीट जुळविले तर काय साधते, याचे उत्तम उदाहरण आपल्या विदर्भातच घडून गेले आहे. सन 1949 च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतून रात्री टपालाची विमाने निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत. तेथे थैल्यांची अदलाबदल होई, आणि विमाने परतून पहाटेपर्यंत आपापल्या शहरी पोहोचत. त्या काळी संगणक नव्हता. होती ती कागदावरील वेळ आणि ती पाळणारी माणसे. चौघांपैकी एकास उशीर झाला तर तिघांस विचार पडे, कारण चारही वेळा एकमेकींत गुंतलेल्या होत्या. त्या आखणीत सोनेगावची अदलाबदलीची वेळ ही मुख्य होती. बाकीच्या वेळा तिजवरून मागेपुढे मोजल्या होत्या. वेळापत्रकाचे खरे मर्म हेच आहे. ते उलट मोजावयाचे असते.

आपल्या आजोबांच्या पिढीसही ही गोष्ट परकी नव्हती. यवतमाळहून मूर्तिजापुरास जाणारी शकुंतला ही छोट्या रुळांची गाडी; मूर्तिजापुरास मोठ्या रुळांच्या गाडीत कापसाच्या गाठी बदलून भराव्या लागत. तेव्हा एका गाडीची वेळ पाहून भागत नसे. दुसरीची वेळ व मधल्या हमालीचा वेळ हे दोन्ही धरावे लागत. घाटंजीची गाडी व सोनेगावचे विमान यांचा संबंध याच जातीचा आहे. फरक इतकाच की गाठ दुसऱ्या दिवसापर्यंत फलाटावर पडून राहू शके, फूल राहू शकत नाही.

आता उलट मोजणी करून दाखवितो. विमान 6.25 ला सुटते; स्वीकार-मुदत अडीच तास आधी, म्हणजे 3.55. तेथे वजनास व कागदांस एक तास हाताशी ठेवावा, म्हणजे गाडी 2.55 ला दारात हवी. घाटंजीपासून रस्त्यास साडेचार तास धरले, तर गाडी 10.25 ला निघाली पाहिजे. भरणी, जुड्या, पिशव्या व पाण्यात ठेवणे यांस चार तास धरले तर सुमारे सव्वासहाला, म्हणजे दिवस उगवताच, फुले निघालेली हवीत. मजूर त्याआधी यावयास हवेत, व त्यांस आदल्या संध्याकाळी सांगावयास हवे. आता पाहा की, विमानाच्या वेळेत सव्वादोन तासांचा फरक पडताच गावातल्या मजुराच्या निरोपापर्यंत सर्व साखळी हलली. आणि एजंटाच्या संगणकात या साखळीतील शेवटची कडी, म्हणजे घाटंजीहून निघण्याची वेळ, कोठेच लिहिलेली नव्हती! गावातून माल उचलण्याच्या वेळेचा रकाना त्या प्रणालीत होता. परंतु तो कोरा होता. "हा कोणीच भरीत नाही," असे उत्तर मिळाले.

माझे मुख्य म्हणणे येथेच आहे. तो रकाना भरणे आपले काम आहे.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा की, हे काम कंपनीचे. शेतकऱ्याने शेती पाहावी. तत्त्वतः हे ठीक आहे, आणि कंपनीस तिच्या जबाबदारीतून मोकळे करावे असे माझे म्हणणे मुळीच नाही. परंतु आमच्या हाती असलेल्या पावतीवर काय लिहिले होते? 'उपलब्ध विमानाने.' तीवर विमानाची वेळ नव्हती, स्वीकार-मुदत नव्हती. दाद मागावयाची तर कोणत्या अक्षरावर मागणार? तोंडी वेळेला पुरावा नाही. जो पक्ष नुकसान सोसतो त्यानेच लेखी मागितले नाही, तर दुसरा पक्ष आपण होऊन ते कशास देईल?

दुसरा आक्षेप असा की, आजकाल वेळापत्रके एका संगणकातून दुसऱ्या संगणकात आपोआप जातात, हाताने भरण्याचे दिवस संपले. हेही पुष्कळ अंशी खरे आहे. विमानांच्या वेळा एकत्र करून पुरविण्याचा धंदा जुना असून अमेरिकेत तशी छापील मार्गदर्शिका 1929 पासून निघू लागली. आज तेच काम विद्युत्‌वेगाने चालते, आणि मोठ्या कंपन्या ती माहिती विकत घेतात. परंतु त्या माहितीतून येते ती विमानाची वेळ. अमुक विमानतळावर अमुक कंपनी फुले किती वाजेपर्यंत घेते, हे प्रत्येक ठिकाणी विचारून भरावे लागते. आणि पांढरकवड्यापर्यंतचा रस्ता पावसात कसा होतो, गाडी कोठे अडते, चढ-उतारास किती वेळ जातो, हे तर जगातील कोणत्याही माहितीच्या साठ्यात नाही. ते घाटंजीच्या गाडीवाल्याच्या डोक्यात आहे. तेथून ते कागदावर उतरविल्याशिवाय संगणकास कळणार कसे?

तिसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. मूठभर फूलवाल्यांसाठी साऱ्या संघाने ही उठाठेव का करावी? याचे उत्तर असे की, आज हे मूठभर आहेत, पण कापसावाचून दुसरी वाट शोधणारे तेच आहेत. त्यांच्या पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत अशी ठेच लागली, तर 'आपल्या भागात हे चालत नाही' अशी हाकाटी होते व वाट बंद पडते. वास्तविक माल चांगला होता, जमीन व मजूर चांगले होते. हुकली ती एक नोंद. शिवाय हा नियम विमानापुरता नाही. सन 2020 च्या ऑगस्टमध्ये देवळालीहून दानापुरास पहिली किसान रेल्वे निघाली. तिच्यासारख्या गाडीत माल घालावयाचा असो, की नागपूर वा हैदराबादच्या मंडईचा पहाटेचा लिलाव गाठावयाचा असो, मोजणी तीच उलट बाजूने करावी लागते.

म्हणून संघाच्या चालकांपुढे पुढील सूचना नम्रपणे ठेवीत आहे.

(1) संघाच्या कचेरीत एक साधी वही ठेवावी. तिच्यात सहा रकाने असावेत: विमानाचा क्रमांक व वार, नोंद कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत खरी, सोनेगाव येथील स्वीकार-मुदत, घाटंजीहून गाडी निघण्याची वेळ, मालाची काढणी सुरू करण्याची वेळ, आणि खात्री केल्याची तारीख व सही. 'पर्यंत' हा रकाना कोरा ठेवू नये व त्यात चंद्रसूर्याची तारीखही घालू नये.

(2) जुनी नोंद खोडू नये. सातबाऱ्यावर जुन्या नावास कंस करितात त्याप्रमाणे तीस कंस करून खाली नवी नोंद तारखेनिशी घ्यावी. कोणत्या दिवशी काय खरे मानले जात होते, हे पुढे वाद पडल्यास दाखविता येते.

(3) मार्च व ऑक्टोबर या दोन महिन्यांत, शेवटच्या रविवारच्या दोन आठवडे आधी, एजंटाकडून नव्या वेळा लेखी मागवाव्यात. आणि ज्या तारखांस आपला माल आधीच नोंदविला असेल त्या प्रत्येक तारखेची वेळ स्वतंत्रपणे विचारावी. मूळ वेळापत्रक बदलले एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये.

(4) ज्या दिवशी माल जावयाचा त्याच्या आदल्या सायंकाळी एक फोन करावा व उत्तर देणाऱ्याचे नाव वहीत लिहावे. विशेषतः पौषातल्या थंडीत, दिल्लीकडे दाट धुके असता, वेळापत्रक बरोबर असूनही विमान खोळंबते. त्या दिवसांत हा फोन टाळू नये.

(5) पावतीवर विमानाचा क्रमांक, तारीख व स्वीकार-मुदत हे तीन आकडे असल्याशिवाय संघाच्या सभासदाने माल देऊ नये. एकट्याने आग्रह धरला तर एजंट दुसरे गिऱ्हाईक पाहील. सर्वांनी मिळून धरला तर त्यास ऐकावे लागेल. संघ असतो तो याचसाठी.

या पाच गोष्टींस खर्च म्हणावा तर एका वहीचा व काही फोनांचा आहे. मोठी यंत्रे नकोत, अनुदान नको, मुंबईस शिष्टमंडळ नको. संगणक-प्रणाली विकत घेणे संघास आज झेपणारे नाही व त्याची निकडही नाही. ज्याच्याजवळ ती आहे, त्यास आपला रकाना भरून देणे मात्र झेपणारे आहे. माझ्या पुतण्याने आपली उलट मोजणी त्या कचेरीतील मुलास लिहून दिली, आणि त्याने ती गावाच्या रकान्यात भरली. आता त्या विमानावर माल नोंदविताना सोनेगावच्या मुदतीच्या शेजारी घाटंजीचीही वेळ दिसते. कार्तिकातील नुकसान त्याने भरून आले नाही. पण त्यानंतर फेब्रुवारीत लग्नसराईची जी खेप गेली, ती मुदतीच्या तासभर आधी सोनेगावच्या दारात उभी होती.

बैल गेला आणि झोपा केला, असे आमच्या घरात झाले. इतर बंधूंच्या घरी बैल जाण्यापूर्वीच झोपा व्हावा, एवढ्याचसाठी ही लेखणी उचलली. वही मी आणून देईन, रकाने मी आखून देईन, व डोळे चालतात तोवर दर मार्च-ऑक्टोबरात ती तपासण्याचे कामही करीन. आयुष्यभर दुसरे केले काय? संघाने केवळ ती वही ठेवण्यास एक टेबल द्यावे, आणि सभासदांनी माल भरण्यापूर्वी तीत एकदा डोकावण्याची सवय लावून घ्यावी.

घाटंजी. — एक सेवानिवृत्त महसूल कारकून